हिरड्याचे कूळ कोण लिहून ठेवणार?

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या लेण्यापुढे उभे राहिले की खाली कुकडीचे खोरे पसरलेले दिसते. ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षांचे मांडव. बहुतेक भाविक समोर शिवनेरी कुठे दिसतो ते शोधतात आणि उतरायला लागतात. पश्चिमेकडे नजर टाकणारे थोडेच. तिकडे डोंगर दाटत जातात, काही कोसांतच पाऊस कितीतरी पटींनी वाढतो आणि नाणेघाट, हातविज, आंबे, दुर्गवाडी अशी नावे लागतात. त्याच रांगेने दक्षिणेला गेले की आंबेगाव तालुक्यातले आहुपे आणि पुढे भीमाशंकर. या पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांच्या हातात रोख पैसा देणारे रानातले मुख्य झाड म्हणजे हिरडा.

हिरडा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, पण डबीतला. बेहडा आणि आवळ्यासोबत तो त्रिफळा चूर्णात असतो, आजीच्या बटव्यात असतो, कातडी कमावण्याच्या आणि रंगकामाच्या धंद्यातही त्याला जुनी मागणी आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात मात्र विकला जातो तो प्रामुख्याने बाळहिरडा. म्हणजे पूर्ण वाढलेले फळ नव्हे, तर आत बी धरण्याआधीच काढलेले कोवळे फळ. ते उन्हात वाळवले की काळे आणि सुरकुतलेले होते, आणि पिकल्या हिरड्यापेक्षा त्याला चांगला भाव मिळतो. गोळा करणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर यात काहीच वावगे नाही. पिढ्यान् पिढ्या हेच चालत आले आहे. झाडाच्या बाजूने पाहिले तर बाळहिरड्याचे प्रत्येक पोते हे न झालेल्या बियांचे पोते असते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले आणि घाट चढून या दोन्ही तालुक्यांत आले. हिरड्याची झाडे मोडली, काही मुळासकट उपटली गेली. त्यानंतर भरपाईसाठी आदिवासी संघटनांना दीर्घकाळ आंदोलने करावी लागली. शेतातल्या उभ्या पिकाचा पंचनामा कसा करायचा हे सरकारी यंत्रणेला ठाऊक असते. रानातल्या, बांधावरच्या झाडाचे काय करायचे हा पेच होता. हिशेब अखेर झाडांच्या संख्येवर आणि उत्पन्नावर येतो. मोडलेले झाड कोणत्या कुळातले होते, त्याची भावंडे अजून उभी आहेत की तो त्या कुळाचा शेवटचा वंशज होता, हा रकाना कोणत्याच पंचनाम्यात नसतो. आजवर तो नसल्याने फारसे अडलेही नाही. आता अडणार आहे, कारण मोडलेल्या झाडांच्या जागी नवी लावायची वेळ आली आहे.

दर पावसाळ्यात रोपे वाटली जातात. समजा, यंदा एखाद्या गावाने ठरवले की शोभेची परदेशी झाडे नकोत, आपला हिरडाच लावू. निर्णय उत्तम. पण रोपे कुठली? हिरड्याचे बी टणक कवचात असते, उगवायला वेळ लावते आणि उगवण्याचे प्रमाणही कमी असते. त्यामुळे रोपवाटिका साहजिकच जिथे भरपूर पिकलेली फळे मिळतात अशा दोन-चार झाडांखालचे बी उचलते, किंवा जास्त उत्पन्न देणाऱ्या एखाद्या झाडाच्या काड्या घेऊन कलमे बांधते. दोन-चार आयांची हजारो लेकरे, किंवा एकाच झाडाच्या हजारो प्रती, डोंगरभर लागतात. दहा वर्षे सगळे हिरवेगार दिसते. मग एखादी कीड येते आणि कळते की लावले होते ते रान नव्हते, एकच झाड अनेक ठिकाणी लावले होते.

हे टाळायचे तर आधी रानात आज काय उभे आहे त्याची कुळवार नोंद हवी. ती करण्याचे साधन म्हणजे जनुकीय खुणा, प्रयोगशाळेच्या भाषेत मार्कर.

कल्पना आपल्याला परकी नाही. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला गेल्यावर तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारून वही काढतात आणि पणजोबा कोणत्या साली येऊन गेले ते वाचून दाखवतात. झाडाची अशी वही त्याच्या प्रत्येक पानाच्या पेशीत असते. डीएनएमध्ये काही जागी दोन-तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो: जीए, जीए, जीए. एका झाडात तो बारा वेळा येईल, शेजारच्या झाडात पंधरा वेळा. या जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. या पुनरावृत्तीमुळे सहसा झाडाचे ना भले होते ना वाईट, त्यामुळे निसर्ग ती पुसत नाही आणि पिढ्यांगणिक फरक साचत जातात. प्रत्येक रोपाला एक नोंद आईकडून मिळते आणि एक बापाकडून. अशा दहा-पंधरा जागा वाचल्या की हे रोप त्या झाडाचे की नाही, ही दोन झाडे भावंडे आहेत की परकी, हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४मध्ये इंग्लंडमध्ये माणसांच्या डीएनए ठशांची पद्धत शोधली. तिचीच ही पुढची पिढी. न्यायालयात पितृत्व सिद्ध करण्यासाठी जे वापरतात तेच इथे झाडांसाठी.

अडचण अशी की या जागा प्रत्येक प्रजातीत वेगळ्या असतात. गव्हासाठी शोधलेल्या खुणा हिरड्यात चालत नाहीत. भात, गहू, कापूस यांच्यामागे जगभरच्या प्रयोगशाळा आहेत. रानातल्या झाडामागे कोणी नसते. त्यामुळे प्रत्येक रानझाडासाठी खुणा नव्याने ‘तयार’ कराव्या लागतात. पंचवीस वर्षांपूर्वी एका प्रजातीसाठी या कामात संशोधक विद्यार्थ्याची वर्षे जात. आता एका झाडाचा डीएनए यंत्रावर वाचून घेतात, संगणक त्यातल्या पुनरावृत्तीच्या शेकडो जागा शोधून देतो, त्यांतल्या काही डझन निवडून पीसीआरने तपासतात आणि झाडागणिक फरक दाखवणाऱ्या मोजक्या ठेवतात. जवळच्या नात्यातल्या झाडासाठी, समजा अर्जुनासाठी, आधीच खुणा असतील तर त्यांतल्या काही उसन्याही घेता येतात.

डीएनए बारकोड म्हणून जे ऐकू येते ते आणि हे एक नव्हे. बारकोड सांगतो की भुकटी हिरड्याची आहे की बेहड्याची, सीताअशोकाची साल म्हणून दुसऱ्याच झाडाची साल तर विकली जात नाही ना. भेसळ पकडायला ते पुरेसे आहे. पण त्या हिरड्यांमधले कोण कुणाचे, हे बारकोडला दिसत नाही. एक प्रजात ओळखतो, दुसरे घर ओळखते.

या खुणांतून काय हाती येते याचे आपल्या जवळचे उदाहरण याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, कोडगूमध्ये आहे. तिथे बिळी देवदारी नावाचे एक मोठे इमारती झाड आहे. शास्त्रीय नाव डिसॉक्सिलम मलबारिकम. जंगल तुटून कॉफीचे मळे झाले आणि ही झाडे देवराया, जंगलाचे तुकडे आणि मळ्यांत विखुरली. आपल्याकडच्या पुष्कळ झाडांसारखीच गत. बंगळुरूच्या आणि झुरिकच्या संशोधकांनी या झाडासाठी अकरा मायक्रोसॅटेलाइट खुणा वापरून २१६ चौरस किलोमीटरच्या टापूत कोणत्या झाडाचा पराग कुठे पोहोचतो ते शोधले आणि २०१२मध्ये ‘मॉलेक्युलर इकॉलॉजी’ या नियतकालिकात मांडले.

निष्कर्ष अंदाजाच्या उलटा होता. सर्वांत वाईट स्थिती एकाकी उभ्या झाडाची असेल असे वाटते. प्रत्यक्षात एकट्या झाडांना पाच किलोमीटरहून लांबचा, वेगवेगळ्या झाडांचा पराग मिळत होता. अडचण होती ती विरळ झालेल्या तुकड्यांत, जिथे थोडीशीच झाडे उरली होती. तिथे आपसातल्याच सोयरिकी वाढल्या होत्या, आणि त्या जवळच्या नात्यात होत होत्या. म्हातारी झाडे आणि तरुण रोपे यांची तुलना केल्यावर नव्या पिढीत गटागटांतला दुरावा वाढलेला दिसला. म्हणजे मळ्यातले जे एकटे झाड कुणाच्या हिशेबात नव्हते, ते दूरदूरच्या कुळांना जोडून ठेवत होते. खुणा नसत्या तर हे कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसले नसते.

आता हेच जुन्नर-आंबेगावात आणून पाहा. इथे हिरडा राखीव वनात आहे, देवरायांत आहे, १९८५मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात आहे आणि मालकीच्या जमिनींच्या बांधांवरही आहे. बांधावरचे झाड कुणाच्या तरी आजोबांनी राखलेले असते. घर वाढवताना किंवा शेत सपाट करताना ते तोडले तर ‘एक झाड गेले’ एवढेच. ते कोडगूतल्या एकाकी झाडासारखे दुवा असेल तर गेले ते एक झाड नव्हे. पण तसे आहे का, हे कोडगूवरून गृहीत धरता येत नाही. त्या झाडाचे परागवाहक वेगळे, हिरड्याचे वेगळे. शिवाय तिथे फळे कोवळी असताना काढून नेत नाहीत. इथे ज्या गावाजवळच्या झाडांवरून बाळहिरडा पूर्ण उतरवला जातो, तिथे पुढची पिढी येणार कुठून? काढणीच्या आवाक्याबाहेरच्या, कड्यावरच्या मोजक्या झाडांकडून येत असेल, तर सगळ्या टापूचे भवितव्य त्या मोजक्या झाडांवर टांगलेले आहे. म्हातारी झाडे आणि त्यांच्या परिसरातली लहान रोपे यांची पाने तपासली की हे कळू शकते.

झाडांच्या बाबतीत एक फसवणूक असते. भाताचे वाण हरवले तर दोन-तीन हंगामांत शेतकऱ्याच्या लक्षात येते. हिरडा माणसाच्या दोन-तीन पिढ्या उभा राहतो. आतून वंश आटत चालला तरी डोंगर हिरवाच दिसतो.

प्रयोगशाळेत या झाडाचा स्वतःचा एक हट्टही आहे. ज्या टॅनिनसाठी हिरडा विकला जातो, तसली द्रव्ये पान वाटताना डीएनएला चिकटतात, तपकिरी चिखल होतो आणि पीसीआर चालतच नाही. त्यावर उपाय आहेत. कोवळे पान तोडल्याबरोबर सिलिका जेलमध्ये वाळवायचे, आणि डीएनए वेगळा करताना टॅनिन बांधून ठेवणारे पदार्थ घालायचे. दुसरी अडचण जास्त गुंतागुंतीची. हिरडा ज्या टर्मिनालिया प्रजातीगटातला, त्यात काही झाडांत गुणसूत्रांचे नेहमीच्या दोनऐवजी चार किंवा जास्त संच असतात. मग ‘एक नोंद आईची, एक बापाची’ हा साधा हिशेब मोडतो आणि आकडेवारी वेगळ्या रीतीने करावी लागते. हे काम एका प्रकल्प-अहवालात उरकण्यासारखे नाही.

पण त्यातून आयुर्वेदाच्या एका जुन्या प्रश्नावरही प्रकाश पडेल. भावप्रकाशात हरीतकीचे सात प्रकार दिले आहेत: विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवन्ती आणि चेतकी. आपल्या बाजारातले बाळहिरडा, सुरवारी हिरडा हे प्रकार मुख्यतः फळ किती पक्व त्यावरून पडलेले. पण ग्रंथातले सात प्रकार म्हणजे खरोखर वेगळ्या वंशाची झाडे, की एकाच झाडाची वेगळ्या मातीपाण्यातली रूपे? हा वादाचा विषय वाद न घालता तपासण्यासारखा आहे. इतकेच लक्षात ठेवायचे की खुणा वंश सांगतात, गुण सांगत नाहीत. औषधी द्रव्य किती हे फळाच्या वयावर, वाळवण्यावर, साठवणीवरही ठरते, आणि त्यासाठी रसायनशास्त्राची वेगळी चाचणी लागते. डीएनए प्रमाणपत्र दाखवून ‘शुद्ध आणि गुणकारी’ असे एका दमात म्हणणारी जाहिरात उद्या आली, तर त्यातला दुसरा शब्द खोडून वाचावा.

खुणा तयार व्हायच्या आत बाजार पुढे गेला तर काय होते, हे महाराष्ट्राने नरक्याच्या बाबतीत पाहिले आहे. मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. त्यावरून पुढे टोपोटेकन, इरिनोटेकन ही कर्करोगावरची औषधे निघाली. १९७२मध्ये हेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडले. मग मागणी वाढली आणि नव्वदच्या दशकापासून घाटातले नरक्याचे लाकूड तोडून, मुळे खणून बाहेर गेले. द्रव्याचे प्रमाण झाडाझाडांत बरेच वेगळे असते हे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले, पण तोडणाऱ्यांनी भरपूर द्रव्य देणारी झाडे राखून ठेवली नव्हती. नरक्यावर जनुकीय खुणांचे काम नंतर झाले. ते चांगले आहे, पण ते उरलेल्या झाडांचे आहे.

आता कायद्याकडे. २००२च्या जैवविविधता कायद्याने वनस्पतींचा व्यापारी वापर करणाऱ्यांनी स्थानिकांना लाभातला वाटा द्यावा असे सांगितले. २०१८मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात भारतीय कंपन्याही यातून सुटत नाहीत असा निकाल दिला. मग २०२३मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि १ एप्रिल २०२४पासून तो लागू आहे. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाचा वापर आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पती यांना त्यात सवलत मिळाली. लागवडीच्या मालासाठी उगमाचे प्रमाणपत्र लागते. हिरडा दोन्ही दारांतून बाहेर पडू शकतो, कारण तो ग्रंथातही आहे आणि त्याची लागवडही होऊ शकते. त्यामुळे ‘हा हिरडा रानातला की लावलेला’ हा प्रश्न आता केवळ वनस्पतिशास्त्राचा राहिलेला नाही. त्यावर गावाच्या वाट्याचे पैसे अवलंबून आहेत.

आणि या मुलखात त्या दोहोंमधली रेघ कधीच सरळ नव्हती. जुन्नर परिसरातल्या लेण्यांतल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दानलेखांत करंजाच्या आणि वडाच्या झाडांशी जोडलेल्या जमिनींचे उल्लेख आहेत. बांधावरचा हिरडा रानातून आपोआप उगवला आणि माणसाने राखला, मग तो रानातला की लागवडीचा? खुणा इथे अर्धेच उत्तर देतील. दुसऱ्या प्रांतातून आणलेल्या कलमाचा माल ‘जुन्नरचा रानहिरडा’ म्हणून विकला जात असेल तर त्या ते ओळखू शकतील. स्थानिक बियांपासून लावलेले झाड आणि आपसूक उगवलेले झाड मात्र त्यांना सारखेच दिसेल. ती रेघ ग्रामसभेला आणि कायद्यालाच ओढावी लागेल, यंत्राला नव्हे.

हे काम कुठे बसते? राज्य मंत्रिमंडळाने २०२२मध्ये महाराष्ट्र जनुक कोष प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी रुपये मंजूर केले. सागरी जीव, पिकांचे स्थानिक वाण, देशी गुरे, गोड्या पाण्यातले जीव, गवताळ रान, वनहक्काच्या क्षेत्रांचे व्यवस्थापन आणि वनक्षेत्रांचे पुनरुज्जीवन असे सात विषय त्यात आहेत. शेवटचे दोन वाचून हिरडाच आठवतो. पिकांच्या बाबतीत कोष म्हणजे काय हे समजते. शेजारच्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी बियाण्यांची बँक उभी करून ते दाखवले. हिरडा मडक्यात ठेवता येत नाही. त्याचा कोष म्हणजे उभी झाडेच, आणि कोणती झाडे राखायची, कुठले बी कुठे न्यायचे, हे कुळांची नोंद असेल तरच सांगता येते. नावात ‘जनुक’ असलेल्या प्रकल्पात सह्याद्रीतल्या पाच-सहा रानझाडांच्या खुणा पहिल्या यादीत असाव्यात, आणि त्यात माझ्या मते हिरडा सर्वांत वर. पुणे आणि परिसरात हे काम करू शकणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. पाने काही तासांत पोहोचतील इतक्या जवळ.

एक अट मात्र सुरुवातीलाच लिहून घ्यावी लागेल. खुणा शोधल्या की त्यांची अक्षरे आंतरराष्ट्रीय डेटाबँकेत खुली ठेवण्याची वैज्ञानिक प्रथा आहे आणि ती चांगलीही आहे. पण जगात कुणीही ती माहिती वापरू शकेल. अशा माहितीतून नफा कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी वाटा द्यावा म्हणून फेब्रुवारी २०२५मध्ये ‘कॅली फंड’ सुरू झाला. त्यातला किमान निम्मा पैसा मूलनिवासी आणि स्थानिक समाजांकडे जावा असे ठरले आहे. देणे मात्र कंपन्यांच्या मर्जीवर आहे. त्यामुळे पान तोडण्याआधी ग्रामसभेची संमती, गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत नमुन्याची नोंद, आणि निष्कर्ष इंग्रजीतल्या शोधनिबंधाआधी मराठीत गावात सांगणे, एवढे तरी करारात हवे. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर या गावांची मालकी मान्य केली आहे. पान ही त्याच झाडाची गोष्ट.

नमुने गोळा करायला वेगळी मोहीम काढण्याचीही गरज नाही. बाळहिरड्याच्या हंगामात गावातली माणसे तशीही झाडावर चढलेली असतात. कोणते झाड दरवर्षी धरते, कोणते एका आड एक वर्ष, कोणत्याचे फळ वाळून जास्त काळे होते, हे त्यांना झाडागणिक ठाऊक असते. फांदी खाली ओढली की एक कोवळे पान सिलिकाच्या पुडीत टाकायचे. पुडीवर झाडाचा क्रमांक, बुंध्याचा घेर, जागा आणि झाड राखणाऱ्या घराने त्याच्याविषयी सांगितलेले चार शब्द.